"लग्न झालं की सुधारेल" म्हणतात, पण माणूस खरंच सुधारतो का?

एखादा मुलगा हाताबाहेर जायला लागला की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, "लग्न करून टाका त्याचं, जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर". माझ्या मावशीचं लग्न असंच झालं, १९९१ साली, नाशिकला. मुलगा कंपनीत पर्मनंट, घर स्वतःचं, आणि "कधीतरी घेतो" एवढंच सांगितलेलं. कधीतरी म्हणजे रोज, हे तिला पंधराव्या दिवशी कळलं.

आणि गंमत म्हणजे लग्नाआधी "सुधारेल" म्हणणारीच माणसं लग्नानंतर तिला सांगायला लागली की अगं स्वभावाला औषध नाही, तूच जरा सांभाळून घे. म्हणजे आधी सगळं बदलणार होतं आणि नंतर काहीच बदलणार नव्हतं, आणि दोन्ही वेळेला भार मात्र तिच्याच डोक्यावर. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात बसलाय, की माणूस, आणि तो पण आपल्या रोजच्या सोबतचा माणूस, बदलतो का? मी यावर बरंच वाचलंय, मावशीबरोबर पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या मिटिंगांना बसलेय, आणि मला जे समजलं ते सांगते. बदलतो. पण आपण जीव लावला म्हणून बदलत नाही, तो स्वतः रोज राबला तर बदलतो, आणि नेमकं काय बदलायचंय त्यावर सुद्धा बरंच अवलंबून असतं.

आधी हे वेगळं करायला हवं की खोट कशात आहे. जॉन गॉटमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी अनेक वर्षं जोडप्यांना बसवून, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून अभ्यास केला, आणि त्यांचं म्हणणं असं की जोडप्यांच्या वादांपैकी साधारण ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, कारण ते दोन माणसांच्या घडणीतल्या फरकाचे असतात. एकाला घर आवरलेलं लागतं, दुसऱ्याला पसाऱ्यात काही दिसतच नाही. एक स्टेशनवर गाडीच्या तासभर आधी पोचतो, दुसरा गाडी हलताना चढतो. याला मी खोट म्हणणारच नाही, आणि इथे बदल मागत बसण्यापेक्षा थोडं तुझं थोडं माझं करून चालवता येतं. नांदणारी जोडपी पण हेच वाद घालतात, फक्त एकमेकांना खाली न पाडता घालतात.

मग येतात सवयी. आमच्या घरातलंच सांगते. माझा नवरा चिडला की अबोला धरायचा, एक दिवस नाही, तीन-तीन दिवस. मी चहा ठेवायचे, तो उचलून प्यायचा, कप विसळून ठेवायचा आणि एक शब्द नाही. मला वाटायचं हा मुद्दाम शिक्षा देतोय. पुढे वाचनात आलं की भांडण तापलं की काही माणसांच्या छातीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर जातात, अंग लढाईच्या तयारीत जातं, आणि अशा वेळी समोरचा काय म्हणतोय ते डोक्यात शिरतच नाही, म्हणून ती माणसं दार लावून घेतात. निदान वीस मिनिटं तरी अंग शांत व्हायला लागतात. मी हे त्याला भांडण नसताना, रविवारी सकाळी, समोर बसून सांगितलं, की तुझ्या अबोल्याने मला लहानपणी घराबाहेर उभं केल्यासारखं वाटतं आणि मला हे चालणार नाही. आता तो म्हणतो "मी खाली एक चक्कर मारून येतो, अर्ध्या तासात बोलू", आणि अर्ध्या तासात खरंच येतो. त्याला जवळपास वर्ष लागलं यासाठी. राग गेलेला नाही, त्याचा चेहरा अजूनही तसाच लाल होतो, पण त्या रागाचं काय करायचं ते त्याने बदललं.

सरळ बोलण्याबद्दल न्यूझीलंडमधल्या निकोला ओव्हरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ सालचा अभ्यास मला फार पटला. त्यांनी जोडप्यांचं बोलणं व्हिडिओवर घेतलं आणि मग वर्षभर विचारत राहिले की काही फरक पडला का. जे लोक गोड-गोड बोलून, हसून, विषय हलका करून सांगत होते त्यांचं बोलणं त्या दिवशी छान झालेलं वाटलं, पण पुढे फारसं काही हललं नाही. आणि ज्यांनी स्पष्ट सांगितलं, त्या दिवशी वातावरण बिघडलं तरी, त्यांच्या जोडीदारात वर्षभरात जास्त बदल दिसला. आपल्याकडे बायकांना "गोडीगुलाबीने घे" हा जो सल्ला मिळतो ना, तो सरसकट बरोबर नाही.

आता स्वभावाला औषध नाही ही म्हण. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र करून पाहिले, ज्यात लोकांवर थेरपी किंवा तशाच प्रकारचे उपचार झाले होते, सरासरी २४ आठवडे. त्यात स्वभाव मोजता येण्याइतका बदललेला दिसला, सगळ्यात जास्त तो चिंता, चिडचिड, लगेच कोसळणं या बाबतीत. म्हणजे म्हण पूर्ण खरी नाही. पण लगेच हुरळून जाऊ नका, कारण नेथन हडसन यांनी विद्यार्थ्यांवर १५ आठवड्यांचा एक प्रयोग केला, २०१९ साली तो छापून आला, ज्यात स्वतःचा स्वभाव बदलायचाय असं म्हणणाऱ्यांना दर आठवड्याला छोटी-छोटी कामं दिली होती. ज्यांनी कामं खरंच केली ते बदलले. नुसती इच्छा असून भागलं नाही. "मला बदलायचंय गं" या वाक्याला त्यामुळे मी तरी फार भाव देत नाही, त्या आठवड्यात त्याने काय केलं ते सांगा.

आता व्यसन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मावशीच्या घरात हेच होतं आणि मराठी घरांमध्ये "नवरा चांगलाय, फक्त पितो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजदाद नाही.

१९८३ साली जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे यांनी सिगारेट सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास करून एक गोष्ट मांडली जी आज बऱ्याच व्यसनमुक्ती केंद्रांत या ना त्या रूपात शिकवतात. माणूस एका झटक्यात बदलत नाही, तो टप्प्याटप्प्याने जातो. पहिल्या टप्प्यात त्याला प्रॉब्लेमच दिसत नाही, "मी काय रस्त्यात पडतो का?" मग कळतंय पण वळत नाही असा काळ, आणि हा काळ वर्षानुवर्षं चालू शकतो. मग तयारी, म्हणजे चौकशी करणं, तारीख ठरवणं, कुणाला तरी सांगणं. मग प्रत्यक्ष कृती. आणि मग टिकवणं, जे सगळ्यात लांब आणि सगळ्यात कंटाळवाणं असतं. यात माणूस घसरतो सुद्धा, त्याला व्यसन सोडणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये स्लिप म्हणतात, आणि घसरला की सगळं संपलं असं नसतं, बरेच जण घसरत-घसरत पुढे जातात. आपण घरचे काय करतो, तो पहिल्या टप्प्यात असतो आणि आपण त्याच्याकडून चौथ्या टप्प्याची शपथ घेतो. देवासमोर, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, अशा शपथा किती घेतल्या असतील, आणि घेताना ते खोटं बोलत नव्हते, ते खरंच रडायचे, पण संध्याकाळी सहाला अंगाला कंप सुटायचा तेव्हा शपथ कामाला येत नव्हती.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं असू शकतं, फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवावर बेतू शकतं, म्हणून "आजपासून बंद" हे डॉक्टरच्या नजरेखालीच व्हावं.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सगळ्यांना माहितीये, २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी उभं केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला आर्थिक आधार दिला आणि उद्घाटनही केलं. तिथला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे पेशंटबरोबर बायकोचाही विचार होतो, तिचाही वेगळा ग्रुप असतो. कारण दारू एकजण पितो आणि आजारी सगळं घर पडतं. तिकडे अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा ग्रुप, १९३५ साली सुरू झालं आणि घरच्यांसाठीचं अल-अ‍ॅनॉन १९५१ साली, आणि अल-अ‍ॅनॉनमध्ये घरच्यांना पहिल्यांदा जे सांगतात ते ऐकून माझी मावशी तिथेच बसून रडली होती, की हे तुझ्यामुळे झालेलं नाही, हे तुझ्या ताब्यात नाही आणि हे तू बरं करू शकत नाहीस. अठरा वर्षं तिला उलटं सांगितलं गेलं होतं.

मग घरच्यांनी काहीच करायचं नाही का, तर तसंही नाही. १९९९ साली अमेरिकेत विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला, १३० घरचे लोक घेतले, ज्यांचं माणूस पितं पण उपचाराला तयार नाही. काहींना अल-अ‍ॅनॉनच्या धर्तीवर मदत दिली, काहींना सगळ्यांनी मिळून माणसाला घेरून जाब विचारायची पद्धत शिकवली, आणि काहींना तिसरी पद्धत, की तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याबरोबर छान वेळ घालवा, प्यायला असेल तेव्हा शांतपणे बाजूला व्हा, त्याच्या दारूचे परिणाम त्याचे त्याला भोगू द्या, त्याच्या वतीने ऑफिसात खोटं सांगू नका, आणि योग्य क्षणी उपचाराचं विचारा. घेरायच्या पद्धतीत १०० पैकी ३० जण उपचाराला आले, अल-अ‍ॅनॉनमध्ये १३ (अर्थात अल-अ‍ॅनॉनचा हेतू पिणाऱ्याला आणणं हा नसतोच, घरच्यांनी सावरावं हा असतो), आणि तिसऱ्या पद्धतीत ६४. म्हणजे आपल्या वागण्याने तो दाराशी येऊ शकतो. आत जाणं त्याचंच.

मावशीने नेमकं हेच केलं, तिला हा अभ्यास माहिती असायचं कारणच नव्हतं. २००९ साली काकांना कंपनीतून दुसरं वॉर्निंग लेटर आलं आणि पहिल्यांदाच तिने "त्यांना ताप आहे" असा फोन सुपरवायझरला केला नाही. मुलीला घेऊन आजीकडे आली, दोन बॅगा, एक शाळेचं दप्तर. आजीने विचारलं भांडण झालं का, तर म्हणाली भांडायला नाही आले, राहायला आले. दोन महिने राहिली. काका स्वतः केंद्रात भरती झाले.

आल्यावर जे झालं ते मी जवळून बघितलंय. कंपनीतून घरी यायच्या रस्त्यात दोन परमिट रूम होत्या, काका दीड किलोमीटरचा वळसा घालून यायला लागले. पगार झाला की एटीएम कार्ड देवघराशेजारच्या खिळ्यावर पिशवीत. रोज संध्याकाळी मिटिंग, पावसात सुद्धा, रेनकोट घालून. सातव्या महिन्यात पुतण्याच्या हळदीत प्यायले, आणि त्याच रात्री स्वतः ग्रुपमधल्या एकाला फोन करून सांगितलं, मावशीने पकडायच्या आधी. मला वाटतं त्या फोनला ते खरे बदलले. आधी घसरले की लपवायचे, वेलची चघळायचे, भांडण काढून बाहेर पडायचे.

आणि अजून एक. मावशी पुढची कितीतरी वर्षं ते घरात आले की जवळ जाऊन वास घ्यायची. तिचं तिलाच वाईट वाटायचं पण अंगवळणी पडलेलं. काका कधी म्हणाले नाहीत की अजून तुझा विश्वास नाही का, एवढं केलं तरी संशय. दारात चपला काढतानाच ते थोडं वाकून तिच्या चेहऱ्याजवळ श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "घे, बघ". मग हातपाय धुवायला जायचे. जो खरंच बदलतोय तो तुमच्या भीतीवर चिडत नाही, ती त्याने दिलेलीच आहे हे त्याला माहिती असतं, आणि ती जायला किती दिवस लागावेत हे तो ठरवत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये आठवी आणि नववी पायरी हीच आहे, की ज्यांना त्रास दिला त्यांची यादी करायची आणि जमेल तशी भरपाई करायची. काका किराणावाल्याची जुनी उधारी फेडून आले, आणि माझ्या मामाकडून मुलीच्या फीच्या नावाखाली घेतलेले ११ हजार तीन हप्त्यांत परत दिले.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडणारे पण आहेत, आणि मी त्याला हसत नाही. गळ्यात तुळशीची माळ आली की घरात मटण शिजत नाही, संध्याकाळी भजन असतं, एकादशी असते, वारीला जायचं असतं, जुनी कंपनी आपोआप सुटते आणि गाव तुम्हाला माळकरी म्हणून ओळखायला लागतं. बघा, यात नवी माणसं, रोजचा नेम आणि नवी ओळख हे सगळं आहे, जे ग्रुपमध्ये पण असतं.

पण हे सगळं मी मारहाणीला लावणार नाही. इथे मला स्पष्ट बोलायचंय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे हळदीकुंकवाला दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या जवळपास तिघी. आणि दारूला हात न लावणारे पण मारतात, म्हणून "दारू सुटली की मार थांबेल" हे गृहीत धरता येत नाही. "त्याला राग आवरत नाही" हेही मला पटत नाही, साहेबासमोर आवरतो, ट्रॅफिक पोलिसासमोर आवरतो, घराचं दार लावल्यावरच कसा आवरत नाही? ते रागाचं नसतं, ते ताब्यात ठेवण्याचं असतं. माझ्या एका मैत्रिणीचा बॉयफ्रेंड आधी फक्त लोकेशन शेअर कर म्हणायचा, मग फोनचा पासवर्ड, मग ऑफिसातल्या कुणाशी बोलायचं ते, मग एकदा दंड इतका धरला की पाच बोटं उमटली, आणि दुसऱ्या दिवशी गुलाब, आणि ढसाढसा रडणं, आणि पुढचे तीन आठवडे त्याच्याइतका प्रेमळ माणूस जगात नाही.

लेनोर वॉकर यांनी १९७९ साली हेच चक्र मांडलं होतं, ताण साठतो, स्फोट होतो, मग गोडवा येतो, आणि परत ताण. आणि यातून बाहेर पडणं इतकं अवघड का जातं तेही प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, प्राण्याने कळ दाबली की दरवेळी दाणा दिला आणि मग बंद केला तर तो लवकर सोडून देतो, पण दाणा कधी येतो कधी येत नाही असं ठेवलं तर बंद झाल्यावरही तो कितीतरी वेळ कळ दाबत राहतो. त्या तीन आठवड्यांचं प्रेम म्हणजे हा अधूनमधून येणारा दाणा आहे. ती मुलगी मूर्ख नाहीये, मेंदू असाच चालतो, कुणाचाही.

मारणारे पुरुष कधीच बदलत नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी वेगळे कार्यक्रम आहेत, अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलूथ शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला असा एक सुरू झाला तो गाजला, पण अशा कार्यक्रमांचे जे अभ्यास झाले त्यात फरक थोडाच दिसतो. त्यामुळे तो बदलेल की नाही याची वाट तिने त्याच छताखाली बसून बघू नये. आणि नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समुपदेशन अशा केसमध्ये धोक्याचं ठरतं, ती तिथे खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, त्यात घटस्फोट न घेता संरक्षण मागता येतं, घरात राहायचा हक्क मागता येतो, आणि लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही तो लागू होतो. पैसे न देणं, सतत अपमान करणं हेही त्यात हिंसाच आहे. १८१ वर फोन करता येतो, तातडीचं असेल तर ११२. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तसे कक्ष आता महाराष्ट्रात इतरही ठिकाणी आहेत, जिथे आधी ऐकून घेणारं माणूस भेटतं.

मुली मला विचारतात की ताई, मग थांबू किती दिवस? आकडा मी देऊ शकत नाही, पण एक करता येतं. तो काय म्हणाला ते बाजूला ठेवून गेल्या महिन्यातल्या साध्या दिवसांकडे बघायचं, भांडण नव्हतं, तू जायची धमकी दिली नव्हतीस, वाढदिवस नव्हता, अशा मंगळवारी-बुधवारी त्याने त्या गोष्टीसाठी काय केलं. तू बॅग भरल्यावर जे होतं ते घाबरून होतं, ते वाईट असतं असं नाही, काकांचं पण तिथूनच सुरू झालं, पण बॅग परत कपाटावर गेल्यावर सुद्धा चालू राहिलं तर ते खरं. आणि दुसरं, त्याच्या बदलाचं काम कोण करतंय ते बघ. डॉक्टरची अपॉइंटमेंट तू घेतेस, आठवण तू करतेस, मिटिंगला सोडायला तू जातेस, त्याची बाजू सगळ्यांना तू समजावतेस, तर मग बदलतेयस ती तू. हे मुलांनाही तितकंच लागू आहे, बायको सतत पाणउतारा करते, आई-वडिलांवरून बोलते आणि तो मित्रांना सांगूही शकत नाही, अशी घरं पण मी बघितलीयत. बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस नावाची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

मावशीला मी मागे विचारलं होतं, आता तर इतकी वर्षं झाली, आता तुला खात्री आहे ना. ती भाजी निवडत होती. म्हणाली आजची आहे. आजीकडे राहायला आली होती तेव्हा तिने पोस्टात स्वतःच्या नावाचं खातं उघडलं होतं, ते अजून वेगळंच आहे, त्यात ती दर महिन्याला टाकते. काकांना माहितीये. रिटायर झाल्यापासून पासबुकावर एन्ट्री मारून आणायला तेच जातात.